अभ्यास दीड तासाचा, बाकी दिवसाचं काय?

आमची पोरं शाळेत जात नाहीत हे कळलं की नागपूरचा माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो, पहिला "काहून?" आणि दुसरा "मग दिवसभर करतात काय?" पहिल्याचं उत्तर मी समोरच्याचा चेहरा पाहून देते, कोणाला लांबलचक, कोणाला नुसतंच "बघू, सध्या असं चाललंय". दुसरा प्रश्न मला जास्त आवडतो. लोक तो टोमणा म्हणून मारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत, पण खरी मेख तिथेच आहे, म्हणून आज सगळं इथेच लिहून टाकते.

तर आधी अभ्यासाचं सांगते, कारण ते लवकर संपतं. मोठा नऊ वर्षांचा, धाकटा सहाचा. दोघांना समोर बसवून, पुस्तक उघडून जे होतं ते रोज तास-दीड तास, त्याहून जास्त नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, गणिताचं मात्र छापील पुस्तक आणलंय कारण धाकट्याला पानावर पेन्सिलने गिरगटल्याशिवाय काही कळत नाही. वर्गात चाळीस पोरांमागे एक टीचर असते, इथे दोनच, त्यामुळे वेळ कमी लागतो, यात माझी काही हुशारी नाही. मोठ्याला भागाकार अडला की अडला हे मला त्याच मिनिटाला दिसतं, युनिट टेस्टपर्यंत वाट पाहावी लागत नाही. पाढे आबांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. त्यांना पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्ध्या आणि दीडपटीचे पाढे) सगळं पाठ आहे आणि ते कोणाला तरी द्यायची त्यांना भलती घाई झालेली. झिरो माईलच्या खांबावर हैदराबाद ३१८ मैल लिहिलंय, त्याचे किलोमीटर किती, तर आबा म्हणाले तीनशे अठराची दिडकी ४७७, त्यात ३१८ चा दहावा हिस्सा टाक, झाले साधारण ५०९. मोठा मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत यांचं उत्तर आलेलं, तेव्हापासून त्याला दिडकी शिकायचीच होती. असं फुकटात काही झालं की मी मध्ये पडत नाही.

हे सगळं साडेदहापर्यंत आटोपतं. आणि मग दिवस सुरू होतो.

लोकांना वाटतं घरी शिकवणं कठीण. शिकवणं सोपं आहे हो, दिवस सांभाळणं कठीण. दोन पोट्टे, एक टू बीएचके फ्लॅट, खाली सेकंड फ्लोअरवर रात्रपाळी करून झोपलेले काका, आणि सोफ्यावरून उडी मारणे हा ज्यांचा श्वास घेण्याचा प्रकार आहे अशी ही जोडी. सकाळी पोहे झाले की अकराला परत भूक, बाराला "जेवायला काय", जेवण झालं की तासाभरात परत डब्बे उघडून राहिले. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आयांना निदान पाच-सहा तास स्वयंपाकघर बंद ठेवता येतं. आमच्याकडे ते रेल्वे कॅन्टीनसारखं चालू. म्हणून मग त्यांना कामाला लावलं, त्यात काही पद्धत-बिद्धत नाही, सरळ नाइलाज. मोठा कुकर लावतो, खिचडी, वरणभात, बटाटे उकडणे हे त्याचं डिपार्टमेंट. धाकटा सांबार निवडतो (पुण्याच्या वाचकांनी घाबरू नका, आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि निवडता निवडता अर्धा खातो. भांडी दोघंही घासतात, पाणी दुप्पट लागतं, ओटा वेगळा पुसावा लागतो. तरी मी चालवून घेते, कारण त्या वीस मिनिटांत ते एकमेकांना मारत नाहीत.

आता कूलर. कूलरबद्दल लिहिल्याशिवाय नागपूरचं घर पूर्ण होत नाही आणि आमच्याकडे तर वर्षातलं निम्मं सायन्स कूलरच्या टाकीत होतं.

मार्चमध्ये खिडकीतला कूलर उतरवायचा, जुन्या ताट्या फेकायच्या, बोअरच्या पाण्याचे पांढरे थर खरवडायचे, टाकी गंजू नये म्हणून आतून डांबर मारायचं. हे आबांचं काम आणि पोरं त्यांची हेल्पर. आबा कोराडीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेत, त्यामुळे आधी लेक्चर अर्थिंगचं. कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, ओले हात आणि अर्थिंग नसलेला प्लग, अजून काय पाहिजे. तर घरातला नियम असा की पाणी टाकायच्या आधी बटन बंद आणि प्लग बाहेर, आणि हे मोठ्यांनीही पाळायचं. आता तर धाकटा त्याच्या बाबाच्या मागे पोलिसासारखा उभा राहतो, प्लग निघाला की नाही ते बघायला.

मग एप्रिलमध्ये मोठ्याने विचारलं की पंखा गरम हवा फेकतो आणि कूलर गार का फेकतो, हवा तर दोघांची बाहेरचीच. याचं उत्तर मी तोंडी देऊ शकले असते पण आबांनी सीताबर्डीवरून प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर आणले, गॅलरीत सावलीत टांगले, एकाच्या खालच्या टोकाला ओला कापूस गुंडाळला आणि त्याची वात पाण्याच्या वाटीत सोडली. मे महिन्यात कोरडा बेचाळीस-त्रेचाळीस दाखवत होता आणि ओला त्याच्यापेक्षा वीसेक डिग्री खाली. पोरांचा विश्वासच बसेना, त्यांनी कापूस दुसऱ्याला लावून बघितला, तरी तेच. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं हे वाक्य पुस्तकात असतं, पण एकाच गॅलरीत, एकाच हवेत दोन आकडे इतके लांब दिसले की ते वाक्य पाठ करायची गरज उरत नाही. मग पाऊस सुरू झाल्यावर जुलैत तेच थर्मामीटर परत टांगले तर फरक जेमतेम दोन-तीन डिग्री. हवेत आधीच इतकं पाणी की आणखी वाफ होणार कुठून. म्हणून पावसाळ्यात कूलर लावला की नुसतं चिकचिक होतं. मोठा म्हणे, "मग मुंबईवाले कूलर का नाही वापरत ते कळलं." बघा, भूगोल पण झाला.

पण खरी मजा पुढे आहे. कोराडी देवीला जाताना ते मोठमोठे टॉवर दिसतात ना, ज्यातून पांढरं निघत असतं, पोरांना (आणि खरं सांगू तर अर्ध्या नागपूरला) वाटतं की तो धूर आहे. धूर त्या उंच बारीक चिमणीतून जातो. ते जाडे टॉवर कूलिंग टॉवर आहेत आणि त्यातून निघते ती वाफ. टर्बाइन फिरवून झालेली वाफ थंड करून परत पाणी करायची, त्याला गार पाणी लागतं, ते पाणी तापलं की या टॉवरमध्ये वरून सोडतात, हवा लागते, थोडं पाणी उडून जातं आणि बाकीचं गार होतं. आबा म्हणाले, "आपल्या खिडकीतला कूलर हवा गार करते, तो पाणी गार करते, बाकी मामला एकच." आणि मग त्यांनी पोरांना आयुष्यभर पुरेल अशी माहिती दिली, की नागपूरचं गटाराचं पाणी भांडेवाडीला जातं, तिथे त्यावर प्रक्रिया होते आणि ते स्वच्छ केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला वापरतात. धाकटा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "म्हणजे माझी शू लाईट बनवते?" त्यानंतर किती तरी दिवस बाथरूममधून "मी कोराडीला पाणी पाठवून राहिलो" अशी घोषणा ऐकू यायची. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी आतून खूश होते, कारण सहा वर्षांच्या पोराला सांडपाणी ते वीज हा सगळा रस्ता कळलाय, भले त्याच्या भाषेत का असेना.

कूलरचा तिसरा धडा डासांचा. टाकीत पाणी साचलं की अळ्या होतात, महापालिकेची माणसं येऊन टॉर्च मारून बघतात. पोरांनी थोड्या अळ्या बरणीत ठेवल्या, वरून सासूबाईंच्या जुन्या ओढणीचं कापड घट्ट बांधलं आणि रोज चित्र काढलं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करायची, हे त्यांना कोणी सांगायची गरजच पडली नाही. डास बाहेर पडायच्या आधी सासूबाईंनी ती बरणी उचलून खाली अंगणात उन्हात ओतली आणि घरात मोठं भांडण झालं. मी सासूबाईंच्या बाजूने होते.

असं वाचलं की वाटतं वा काय छान घर आहे. थांबा. आता ११ आणि २० तारीख सांगते.

मी घरून जीएसटीची कामं करते, चार-पाच छोट्या दुकानदारांची. ११ ला एक रिटर्न, २० ला दुसरं, आणि दुकानदार मंडळी बिलं पाठवणार ती १८ च्या रात्री, तीही व्हॉट्सॅपवर तिरके फोटो काढून. त्या दोन-तीन दिवसांत आमच्याकडे शिक्षण वगैरे काही होत नाही. पोरं टीव्ही बघतात, मॅगी खातात, आबांच्या खोलीत जाऊन त्यांना छळतात. पोर्टल गोल गोल फिरून राहिलं असतं, बाहेर धाकटा "आई दादाने मला" सुरू करतो, आणि मी दार लावून बसते. होमस्कूलिंगच्या व्हिडिओंमध्ये आई कायम लाकडी टेबलाशी बसून वॉटरकलर करताना दिसते, तिला कोणाचं इनपुट टॅक्स क्रेडिट जुळवायचं नसतं. पूर्वी मी ऑफिसला जायचे तेव्हाच्या पगाराच्या निम्मंही आता कमवत नाही. हा खर्च फी वाचली म्हणणारे लोक कधी धरत नाहीत. "फी वाचते ना तुमची!" हो वाचते, माझा पगार जाऊन वाचते. नवरा मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या नव्या औद्योगिक भागात, नोकरीला आहे, शिफ्ट विचित्र, पण रविवार पूर्ण त्याचा असतो, त्या दिवशी मी पोरांना "आईला विचारू नका" एवढंच सांगते आणि झोपते.

या कारणाने मला कोणी विचारलं की आम्हीही करावं का, तर मी मुलांचं काही विचारत नाही. दिवसभर घरी कोण असणार आणि त्या माणसाच्या कामाचं काय, हे विचारते. आमच्याकडे आबा-आजी नसते तर हे दोन महिन्यांत बंद पडलं असतं. मुलं शिकतात हो. त्यांना सांभाळणारं माणूस टिकलं पाहिजे.

नातेवाइकांचा विषय थोडक्यात उरकते. मामेसासरे दर लग्नात भेटले की म्हणतात शिक्षण हक्क कायदा आहे, पोलीस येतील. कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मी तो वाचलाय. सक्तीचा भार त्यात सरकारवर आहे, शाळा उपलब्ध करून द्यायची, मूल येईल हे बघायचं. आईवडिलांनी मुलाला जवळच्या शाळेत दाखल करावं हे कर्तव्य म्हणून लिहिलंय, पण नाही केलं तर त्यांना शिक्षा काही लिहिलेली नाही. घरी शिकवायला परवानगी आहे असंही कुठे नाही आणि मनाई आहे असंही नाही. म्हणजे आम्ही मधल्या गल्लीत उभे आहोत आणि ते माहीत असून उभे आहोत. परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्था) आहे, केंद्र सरकारची, १९८९ पासूनची, तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या लेव्हल आहेत आणि दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. आणि बाहेरून दहावी-बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीत कोणी ना कोणी भरलेला असतोच. मामेसासरे हे सगळं ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "ते ठीक आहे, पण डब्बा कोण खाईल त्यांच्यासोबत?" या प्रश्नाला माझ्याकडे कायद्याचं कलम नाही.

पण पोरं एकटी नाहीत हेही खरं. कामाच्या वारी बाहेर पडता येणं हा आमचा मोठा फायदा आहे. मंगळवारी सकाळी अजबबंगल्यात गेलं तर आपण आणि वॉचमन, बाकी सगळे भुसा भरलेले प्राणी. १८६३ पासूनचं म्युझियम आहे, कोणी घाई करत नाही, मोठा एका तलवारीसमोर अर्धा तास उभा राहिला तरी चालतं. मोतीबागेच्या नॅरो गेज म्युझियमला मात्र सासूबाई आल्या आणि आमच्या सगळ्या तयारीवर पाणी. पोरं टेप घेऊन गेली होती, नॅरो गेजच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचं १६७६, म्हणजे निम्म्याहूनही कमी, ते मोजायला. सासूबाईंनी इंजिन बघितलं आणि सुरू झाल्या, की त्यांचं माहेर छिंदवाड्याकडचं, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या त्या याच छोट्या गाडीने, खिडकीतून कोळशाचा कण डोळ्यात गेला आणि दिवसभर डोळा लाल, माहेरच्यांना वाटलं पोरगी रडत आली, सासरी काहीतरी झालं. त्यांच्या भावाने तर भांडायची तयारी केलेली! माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या पोराला, ही गोष्ट इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच कळली. छिंदवाड्याची ती लाईन २०१५ च्या शेवटी बंद झाली, ब्रॉडगेज करायला. टेप पिशवीतच राहिला. परत जाऊन मोजू.

दोस्तांचं गणित संध्याकाळी पाचनंतर जमतं. कॉलनीतली सगळी पोरं खाली येतात, क्रिकेट, भांडण, परत क्रिकेट. उन्हाळ्यात तर एप्रिल-मेपासून सगळेच घरी, तेव्हा आमचे दोघं इतरांसारखेच, कोणी काही विचारत नाही. उलट बाकीच्या आया माझ्याकडे सल्ला मागतात की दिवसभर यांना ठेवायचं कसं बाई. मला सगळ्यात जड जातो तो जूनचा शेवट. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्याकडे उन्हामुळे आठवडाभर तरी उशिरा. आणि मग एका सकाळी खाली ऑटोचा हॉर्न, नवीन रेनकोट, नवीन बॅगा, आणि सातच्या सुमारास कॉलनी एकदम रिकामी. मोठा गॅलरीत उभा राहून बघतो. मी त्याला विचारते, जायचं का तुला? दर वर्षी विचारते, आणि खरंच जायचं असेल तर घालू, हे नवऱ्याचं आणि माझं ठरलेलं आहे. यंदा तो म्हणाला, "बॅग आवडली मला. शाळा नको." बॅग घेऊन दिली. आता त्यात क्रिकेटचे ग्लोव्हज असतात.

एकच नियम मी कडक ठेवलाय, दुपारची शांत वेळ. दोन ते साडेतीन कोणी बोलायचं नाही, झोपा, वाचा, छताकडे बघा, पण आवाज नको. आबा घोरतात, सासूबाई लवंडतात, मी एक्सेल उघडते. घरातल्या चार मोठ्या माणसांचं डोकं या दीड तासावर चालतं आणि दोन छोटी माणसं त्याचा मनापासून द्वेष करतात.

तर यंदाचा तान्हा पोळा. पोरांनी आपापले लाकडी नंदीबैल सजवले, कॉलनीत घरोघरी फिरून बोजारा (पोळ्याचे पैसे) गोळा केला, धाकट्याने तो लगेच मोजून दादापेक्षा कमी का म्हणून रडारड केली. त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक असते, ती आम्ही आबांसोबत सकाळीच इतवारीत जाऊन बघून आलो. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत बडगे, ज्यात त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडलेले असतात त्याचा पुतळा. घरी येऊन कॉलनीतल्या पोरांनी खोक्यांचा आपला बडगा केला, त्याच्या गळ्यात वह्या लटकवल्या आणि ओरडत निघाले, "होमवर्क घेऊन जा गे मारबत!" आमचे दोघं जरा थांबले, कारण त्यांच्याकडे द्यायला होमवर्क नव्हता. मग दोघांनी कानात काहीतरी ठरवलं आणि धाकटा सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडला, "दुपारची शांत वेळ घेऊन जा गे मारबत!" अख्ख्या गँगने ते उचललं, काय आहे ते माहीत नसताना.

गॅलरीतून सासूबाई खाली वाकून ओरडल्या, "ते नको नेऊ बाप्पा! बाकी काय न्यायचं ते ने!"